तुमच्या कानातली सईची तार

अहो आई,

आज सकाळी सईचे कान टोचले. दोन्ही. एवढी मोठी गोष्ट तुम्हाला न विचारता घडली, असं माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. सोनाराच्या दुकानातून बाहेर पडल्या पडल्या मी पर्समधून फोन काढला आणि शनिवार पेठेतल्या घराचा नंबर लावायला लागले. अर्धा लावल्यावर आठवलं. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आणि तो फोन तर त्याच्याही आधी बंद केला होता. तरी बोटांना तोच नंबर पाठ!

म्हणून हे पत्र. फोटोसमोर उभं राहून बोलणं मला जमत नाही. तुम्हालाही ते पटलं नसतं. 'भिंतीशी काय बोलतेस, वेळ जात नसेल तर भाजी निवड,' म्हणाला असता. लिहिलेलं मात्र तुम्ही काहीही वाचायचात, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सुलटा करून. तेव्हा हेही वाचाल अशी आशा आहे.

सई आत्ता कॉलेजला गेलीय, वाघोलीला. पाळ्या लालबुंद झाल्यात. आजचा दिवस घरी थांब म्हटलं, तर म्हणाली, कानांवर चालत जायचं नाहीये. कुणाची नात आहे ते वेगळं सांगायला नको.

आई, तुम्हाला आठवतं का, लग्नानंतर मी पहिल्यांदा ऑफिसमधून उशीर होतोय म्हणून फोन केला होता? 'आई, मी येऊन राहिली,' असं मी आमच्या अमरावतीच्या सवयीनं म्हणून गेले. तुम्ही पलीकडून शांतपणे विचारलंत, "येत्येस की राहत्येस? एक काय ते ठरव, म्हणजे भात लावायचा का नाही ते मला कळेल." मी बसमध्ये रडले होते. समीरला सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, आईनं तुझी चेष्टा केली म्हणजे तू घरात आलीस. परक्यांशी ती अदबीनं बोलते.

घरी आले तेव्हा भात गरम होता. तेवढं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती आणि बाबांना स्वतःचा चहासुद्धा करता येत नव्हता. त्यात समीरला कंपनीनं अमेरिकेला पाठवलेलं. तेव्हाचे दिवसच तसे होते! खराडीला नव्या काचेच्या इमारती उठत होत्या, जो तो ऑनसाइटची वाट बघत होता, आणि बाळ होणार म्हणून कुणी ऑनसाइट नाकारलं तर लोक त्याला वेड्यात काढायचे. मला सातवा लागल्यावर मी चाचरत विचारलं, आता कसं करायचं? तुम्ही ताक घुसळत होतात. वर न बघता म्हणालात, "कसं म्हणजे? तुझं माहेर इथेच, याच चौथ्या मजल्यावर आहे. सासर त्याच्याच पुढच्या खोलीत. रिक्षाचासुद्धा प्रश्न नाही."

त्या वाक्यावर मी आयुष्यभर तुमची झाले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, 'बरं झालं, आता पानं घे.'

मग सई झाली. झाली म्हणजे काय, नाळ तिच्या गळ्याभोवती अडकली होती आणि शेवटच्या क्षणी तिचे ठोके पडायला लागले. डॉक्टरांनी घाईघाईनं तिला बाहेर ओढलं. मी आवाजाची वाट बघत पडले होते. सगळ्यांनी सांगितलं होतं ना, बाळ रडलं की सगळं विसरशील म्हणून! तो आवाज आलाच नाही. नुसती माणसांची धावपळ ऐकू येत होती आणि कुणीतरी रबरी फुगा दाबत असल्याचा फस्‌फस्‌ आवाज. बऱ्याच वेळानं मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी ऐकू आलं. तोवर तिला घेऊन ते निघालेही होते. मला दिसलं ते फक्त एक निळसर पाऊल.

दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून एनआयसीयूत नेलं. खुर्ची तुम्ही ढकलत होतात, मावशींच्या हातात दिली नव्हतीत. काचेतून सई दिसली. श्वास आता ठीक होता, पण जिथे जिथे सुई टोचली होती तिथे कापसाचे बोळे लावले होते आणि ते लाल होत होते. टाचेला एक, मनगटाला एक. नाळेच्या देठाशीसुद्धा रक्त होतं. नर्स बोळा बदलायची, तो पुन्हा लाल व्हायचा. इवलंसं अंग, त्यात रक्त ते किती असणार!

डॉक्टर आमच्याशी बाहेरच्या बाकावर बसून बोलल्या. माझ्यापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी सॉफ्टवेअरमधली, मला वाटायचं मला पटापट कळतं. त्या दिवशी एक अक्षर कळेना. तुम्ही मात्र पदर खोचून पुढे सरकून ऐकत होतात. डॉक्टरांनी सांगितलं, जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला की शरीर आहे तो मेंदूला आणि हृदयाला आधी देतं. यकृताच्या वाट्याला कमी येतो. आणि रक्त गोठवणारी द्रव्यं बहुतेक यकृतातच तयार होतात. त्यामुळे ती कमी पडतात. शिवाय प्राणवायू नसल्यानं नाजूक रक्तवाहिन्या दुखावतात, आत जागोजागी बारीक बारीक गुठळ्या धरतात, आणि शिल्लक असलेला साठा त्यातच खर्ची पडतो. मग बाहेर सुई टोचली की रक्त थांबायला आत काहीच उरत नाही.

तुम्ही विचारलंत, "म्हणजे दूध आहे, पण विरजण संपलंय?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. अगदी तसंच, म्हणाल्या. आम्ही आता बाहेरून विरजण लावतोय. प्लाझ्मा देतोय, व्हिटॅमिन के दिलंय. यकृत सावरलं की ते स्वतःचं करायला लागेल. ते सावरेपर्यंतचे दिवस काढायचे.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. "डॉक्टर, आईच्या खाण्यात काही उष्ण आलं, तिळाबिळाचं, तर असं होतं का हो?"

आई, तुम्हाला कल्पना नाही त्या वाक्यानं मला काय झालं! माझं मूल आत रक्ताळलंय आणि माझी सासू माझ्यादेखत डॉक्टरांकडे माझी तक्रार करतेय! मला आदल्या आठवड्यातली ऑफिसची मिसळ आठवली. झणझणीत होती, आणि ती खाल्ल्याचं मी तुम्हाला सांगितलंही होतं. तीळ कुठून आले, हे मला सुचलंच नाही. रागात तीळ आणि मटकी सारखीच.

डॉक्टरांनी तुमच्याकडे नीट बघितलं. "नाही आजी. आईनं काहीही खाल्लं तरी असं होत नाही. ही प्राणवायूची गोष्ट आहे. कुणाचीही चूक नाही."

तुम्ही पुन्हा विचारलंत, "नक्की?"

"नक्की."

त्यावर तुम्ही खोचलेला पदर काढलात, पुन्हा खोचलात, पुन्हा काढलात. मला वाटलं, तोंडावर पडल्यामुळे खजील झालात. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही आणलेला साजूक तुपाचा भात मात्र खाल्ला. अबोला धरायचा तर पोटात काहीतरी हवं, हे तुमच्याकडूनच शिकले.

पुढचे दिवस तुम्ही त्या बाकावर ठाण मांडलंत. नर्स बाहेर आली की तुमचा एकच प्रश्न, "लागलं का विरजण?" पहिल्यांदा त्या मुली चक्रावल्या. मग त्यांना इतकी सवय झाली की लांबूनच मान हलवून 'अजून नाही' सांगायला लागल्या. शेजारच्या बाळाच्या आजोबांनी विचारलं, तुमचं डेअरीचं काम आहे का? तुम्ही म्हणालात, "हो, आणि आज दूध येणार नाही." त्याही दिवसांत मला हसू फुटलं आणि टाके दुखले.

आणि मग एका दुपारी नर्स कापसाचा बोळा चिमटीत धरूनच बाहेर आली. पांढरा होता! मधोमध एक तपकिरी ठिपका, बाकी कोरा. तिनं तो तुमच्यासमोर धरला. तुम्ही चष्मा काढून पुसलात, पुन्हा लावलात, बोळा दोन्ही बाजूंनी बघितलात. मी पहिल्यांदाच तुम्हाला कुणाला मिठी मारताना बघितलं. त्या केरळी पोरीला मराठी नीटसं कळतही नव्हतं, पण तीसुद्धा रडली.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा रिपोर्ट आता चांगला आहे, हा प्रकार कायमचा नसतो. मेंदूवर काही परिणाम राहिलाय का, ते मात्र ती वाढेल तसं कळत जाईल, तपासायला आणत राहा. मी घाबरत विचारलं, आमच्यात बारशाला कान टोचतात, टोचायचे का? त्या म्हणाल्या, एवढी घाई कशाला, थोडे महिने जाऊ द्या, जरा बाळसं धरू दे.

हे मी तुम्हाला सांगितलं. वन्संना सांगायचं राहून गेलं. आणि आत्याचा मान त्यांचा! बारशाला त्या नाशिकहून आल्या, येताना लक्ष्मी रोडवरून सोनारकाकांनाच बरोबर घेऊन आल्या. काकांनी पाटावर बसून डबी उघडली. सोन्याच्या दोन तारा, मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठीच्या. हळद झाली, कुंकू झालं, सईला मांडीवर घेतलं. घर माणसांनी भरलेलं. पाळणा म्हणायला बायका तयार. मी कोपऱ्यातून तुमच्याकडे बघत होते. एवढ्या मंडळींत, मुहूर्तावर, नवी सून कशी म्हणणार की थांबा?

काकांनी तार हातात घेतली आणि तुम्ही सईच्या कानावर तळवा ठेवलात.

"हिचा नाही टोचायचा."

वन्सं म्हणाल्या, अगं आई, काका मुद्दाम आलेत, तार देवापुढे ठेवलीय, तशीच परत न्यायची म्हणजे अपशकुन. लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "लोकांना जेवायला बोलावलंय. बोलायला नाही." मग काकांसमोर पाटावर बसलात, मान वाकडी केलीत आणि कानाच्या वरच्या बाजूला, बुगडी घालतात तिथे, बोट ठेवलंत.

"आलाच आहात तर रिकाम्या हातानं जाऊ नका. माझा टोचा."

काकांना वाटलं चेष्टा आहे. तुमचा चेहरा बघून त्यांना कळलं की नाही. बाळाची तार, तुमचा साठीचा कान! वरची कड कडक असते, तिथे पाळीपेक्षा किती तरी जास्त दुखतं. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. भळकन रक्त आलं. तुम्ही दोन बोटांत कान धरून बसलात आणि थोड्या वेळानं बोटं माझ्यापुढे केलीत. "बघ. थांबलं. हिचंही थांबेल, पण हिला अजून सवड द्यायचीय." मग काकांना म्हणालात, ही तार माझ्याकडे ठेव म्हणून राहील. तिचा कान टोचाल तेव्हा तिची तिला. दुसरी तार हळदीकुंकवाच्या करंड्यात गेली. बायकांनी पाळणा म्हटला. आणि सईचं नाव सई ठेवलं गेलं, बुच्या कानांनी.

संध्याकाळी मंडळी गेल्यावर मी तुमच्या कानाला खोबरेल लावायला बसले. माझ्या आईच्या कानाला मी कधी तेल लावलं होतं ते मला आठवेना. तुम्ही म्हणालात, हळू, नवा आहे.

त्यानंतर संक्रांत आली. सईचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि ती माझ्या मांडीवर मान सावरून बसली होती. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, मान धरली की अर्धी लढाई जिंकली. तुम्ही खूश होतात. बोरं, चुरमुरे लुटून पोरं पांगली, तेव्हा तुम्ही डब्यातून एक तिळाचा लाडू काढलात आणि खाल्लात.

मी बघतच राहिले. तुम्ही तिळगूळ खात नव्हतात ना! लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला मी दिलेला लाडू तुम्ही देवापुढे ठेवला होतात. दातात अडकतो म्हणाला होतात. चकली अडकायची नाही, शेंगदाणा अडकायचा नाही, तीळ तेवढा अडकायचा! मी समीरला म्हटलंही होतं, तुझी आई गोड बोलावं लागेल म्हणून तिळगूळ टाळते.

तुम्ही सावकाश चावत होतात. मग म्हणालात, "माझी पहिली मुलगी होती. समीरच्या ताईच्याही आधी. सासवडला, माहेरी झाली. ती पण रडली नव्हती. निळी होती. सुईणीनं उलटी धरून थापट्या मारल्या तेव्हा जरा कण्हली. मग बेंबीतून रक्त यायला लागलं, नाकातून यायला लागलं. तिसऱ्या दिवशी गेली."

तुम्ही उरलेला लाडू हातात फिरवत होतात.

"संक्रांत होऊन गेली होती. मला डोहाळे तिळाचेच लागलेले. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीनं डबाभर तीळ खाल्ले, अंगात उष्णता गेली, पोरीचं रक्त उतू गेलं. सगळे म्हणाले. माझी आईसुद्धा. मलाही तसंच वाटत आलं."

मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "त्या दिवशी डॉक्टरांना मी तुझ्यासाठी नव्हतं विचारलं."

अहो आई! मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं? बाकावर मी शेजारीच होते ना! चार महिने मी मनात ती मिसळ घेऊन फिरले आणि तुम्ही चाळीस वर्षं ते तीळ! सोनारानंच कान टोचावे लागतात म्हणतात ते खरं. घरातल्या कुणी कितीदा सांगितलं असतं तरी तुम्हाला पटलं नसतं; गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या त्या पोरीनं दोनदा 'नक्की' म्हटलं आणि तुमच्या घशाखाली तीळ उतरला.

ती बारसं होण्याआधी गेली, म्हणून तिला नाव नव्हतं. कानही टोचलेले नव्हते. हे तुम्ही त्या दिवशी बोलता बोलता सांगितलंत आणि उठून चुरमुरे झाडायला लागलात. पाटावर तुम्ही मान का वाकडी केली होतीत, ते मला तेव्हा पुरतं कळलं.

पण एक भांडण उरलंच आहे, ते आज मांडते. डॉक्टरांनी पुढे कितीदा तरी सांगितलं की सईला आता काही धोका नाही. पळताना पडली, गुडघे फोडले, दात पडले, प्रत्येक वेळी रक्त आपसूक थांबलं. चालायला जरा उशीर केला, बाकी बोलण्यात तर कुणाला हार गेली नाही! तरी कान टोचायचा विषय काढला की तुमच्याकडे कारण तयार. उन्हाळ्यात पिकतात. पावसाळ्यात चिघळतात. थंडीत पाळी कडक होते. शाळेत कुणी ओढलं तर? दहावी होऊ दे. बारावी होऊ दे. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरीचे कान असे बुचे काय? तुम्ही म्हणालात, "कान ऐकायला असतात. आपण पण वापरून बघा." सईनं लहानपणभर चिकटवायच्या टिकल्या कानाला लावून स्नेहसंमेलनं साजरी केली. तुम्हाला ठाऊक होतं हो की रक्त थांबेल! डोक्याला ठाऊक होतं. हाताला पटत नव्हतं.

आणि मी तरी कुठे जोर केला? तुमच्या कानात ती इवलीशी तार चमकायची. भाजी चिरताना, पेपर वाचताना, आम्ही खराडीला राहायला गेलो त्या दिवशी गॅलरीतून हात हलवताना. ती तिथे आहे तोवर सगळं ठीक आहे, असं मलाही वाटायचं.

तुम्ही गेलात तेव्हा बायका तुमच्या अंगावरचं काढायला लागल्या. बांगड्या निघाल्या. ती तार निघेना. वन्सं म्हणाल्या, राहू दे, सोनं बरोबर जाऊ दे. सई पुढे आली. खोबरेल आणलं, बोटानं हळूहळू लावलं आणि किती तरी वेळ ती तार फिरवत बसली. कुणाला हात लावू दिला नाही. तार निघाली तेव्हा नुसतं म्हणाली, "आजीचा कान किती गार आहे गं." त्या वाक्यानंतर मला बाकीचं फारसं आठवत नाही.

वर्ष सरलं आणि परवा सईनं जाहीर केलं की आता टोचायचे. मी म्हटलं, उन्हाळा येतोय, पिकतील. ती म्हणाली, आई, तू सेम आजीसारखी बोलायला लागलीयेस. मी म्हटलं, निदान एकदा रक्त तपासून घेऊ. तिनं डोळे फिरवले, पण आली. रिपोर्ट उत्तम आला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. ऑफिसात माझं कामच आहे ते, दुसऱ्यानं केलेलं सगळं पुन्हा तपासायचं.

सोनारकाका आता दुकानात बसत नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. त्यानं मशीन दाखवलं, एक सेकंदात होतं म्हणाला. सई म्हणाली, मशीन नको, आमची तार आहे. करंड्यातली एक आणि तुमच्या कानातली एक. जोडीतल्याच, पण एक कोरी आणि दुसरी तुमच्या कानात झिजून गुळगुळीत झालेली. तिनं तुमची उजव्या कानासाठी दिली. म्हणाली, आधी ही.

आई, मी तिचा हात धरून उभी होते. पाळीतून तार आरपार गेली आणि मागच्या बाजूला रक्त आलं. एक थेंब. तो फुगला, पाळीच्या कडेला लोंबला. माझ्या डोळ्यांपुढे ती टाच आली, तो लाल होत जाणारा बोळा आला. सोनार कापूस शोधत होता. मी त्याला थांबवलं. मला बघायचं होतं.

थेंब तिथेच राहिला. खाली आला नाही. बघता बघता त्याची लकाकी गेली, गडद झाला आणि थबकला.

सईनं समोरच्या आरशात कान बघितला, तुमच्यासारखीच मान वाकडी करून, आणि हळूच म्हणाली, "आजी, लागलं विरजण."

मी त्या दुकानात हमसून हमसून रडले. सोनारानं पाणी दिलं, खुर्ची दिली. त्याला वाटलं मुलीचं दुखणं मला बघवलं नाही. मी त्याला काय सांगणार होते?

आता एक वचन देते, तेवढं ऐका. या घरात पुढेमागे पाळणा हलेल. सईचा, नाहीतर आणखी कुणाचा. मूल लगेच रडेल किंवा रडणार नाही, ते आपल्या हातात नाही. पण या घरात कुणीही, कधीही, कुठल्याही बाळंतिणीला 'तू काय खाल्लं होतंस' असं विचारणार नाही. मी विचारू देणार नाही. आणि बाळाला सवड हवी असली आणि सोनार दारात आलेला असला, तर पाटावर मी बसेन. जागा ठरवून ठेवलीय. तुमच्यासारखीच, वरची.

येत्या संक्रांतीला लाडू करीन तेव्हा एक सासवडच्या त्या मुलीचा म्हणून वेगळा काढीन. तुम्हाला ती भेटली असेल तर तिला सांगा, तिच्या वाट्याचा इथे ठेवलाय. आणि तिचे कान टोचायची घाई करू नका. तुमची कारणं मला सगळी पाठ आहेत.

तुमची
चौथ्या मजल्यावरची माहेरवाशीण,
अर्चना